ग्रहांभोवतीची जगे

मार्च १९७९मध्ये व्हॉयेजर-१ हे यान गुरूजवळून गेले. ते पोचण्याच्या तीन दिवस आधी, २ मार्चला, 'सायन्स' या नियतकालिकात स्टॅन्टन पील, पॅट्रिक कॅसन आणि रे रेनॉल्ड्स यांचा एक छोटा शोधनिबंध छापून आला होता. गुरूच्या आयो या चंद्राचा अंतर्भाग वितळलेला असावा आणि त्यावर ज्वालामुखी आढळू शकतील, असे त्यांनी केवळ गणिताच्या आधारे मांडले होते. यानाने ८ मार्चला मागे वळून टिपलेल्या छायाचित्रात लिंडा मोराबितो या अभियंतीला आयोच्या कडेवर छत्रीच्या आकाराचा फिकट उठाव दिसला. त्या शोधत होत्या अंधूक तारे, यानाचे स्थान निश्चित करण्यासाठी. सापडला तो जागता ज्वालामुखी, पृथ्वीबाहेर माणसाने पाहिलेला पहिला.

सूर्यमालेच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या वाचकाने सुरुवात इथून करावी, असे माझे मत आहे. आयो आपल्या चंद्रापेक्षा किंचितच मोठा. चंद्रावरचे लाव्हाचे पूर केव्हाच थिजले, मग आयो का धगधगतो? आयोच्या चार फेऱ्या होतात तेवढ्या वेळात गुरूच्याच युरोपा या चंद्राच्या दोन आणि गॅनिमीड या चंद्राची एक होते. या ठरलेल्या लयीमुळे शेजाऱ्यांची ओढ पुन्हा पुन्हा त्याच जागी बसते आणि आयोची कक्षा कधीच पूर्ण वर्तुळाकार होत नाही. गुरूपासूनचे अंतर प्रत्येक फेरीत कमी-जास्त होते, तशी गुरूची ओढही बदलते. त्या ओढाताणीत अख्खा खडकाळ गोल आवळला आणि सैल सोडला जातो, आणि आतल्या घर्षणातून उष्णता निर्माण होते.

शाळेच्या पुस्तकात ग्रह सूर्यापासूनच्या अंतराने ओळीत मांडलेले असतात. त्यामुळे जितके दूर तितके थंड आणि निर्जीव, असा समज नकळत घट्ट होतो. उपग्रहांनी तो मोडला. शनीच्या एन्सेलेडसचा व्यास जेमतेम ५०० किलोमीटर. मुंबई-नागपूर अंतर त्याहून जास्त भरेल. एवढ्याशा गोळ्याच्या दक्षिण ध्रुवावरच्या भेगांतून बाष्प आणि बर्फाचे कण उसळताना कॅसिनी यानाला २००५मध्ये आढळले. यान पुढे त्या फवाऱ्यांमधून गेले. कणांत क्षार होते, वायूत हायड्रोजन होता. म्हणजे बर्फाखाली खारा समुद्र आहे आणि त्याच्या तळाशी पाणी व खडक यांच्यात रासायनिक क्रिया चालू असावी. इंधन संपत आल्यावर कॅसिनी १५ सप्टेंबर २०१७ रोजी मुद्दाम शनीच्या वातावरणात जाळून टाकण्यात आले. भरकटून ते एन्सेलेडसवर किंवा शनीच्याच टायटन या चंद्रावर आदळले असते, तर पृथ्वीवरचे जंतू तिथे पोचण्याचा धोका होता. जिथे जीवन आहे की नाही हेही ठाऊक नाही, त्या जागेची इतकी काळजी घेणारे हे शास्त्र आहे, आणि मला ते फार मोलाचे वाटते.

टायटनवर मिथेनचा पाऊस पडतो, नद्या वाहतात. तिथले गोटे मात्र पाण्याच्या बर्फाचे आहेत. प्रक्रिया ओळखीची, पदार्थ अनोळखी. म्हणूनच इथे भूशास्त्र शिकलेल्या माणसाची गरज खगोलशास्त्रज्ञाइतकीच असते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला तर या विषयाचा एक धडा पायी चालून वाचता येतो. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे विवर अशनीच्या आघाताने दख्खनच्या बेसॉल्टमध्ये कोरले गेले. चंद्रावरची काळी मैदाने आणि मंगळाचा मोठा भाग बेसॉल्टचाच असल्याने तिथली विवरे समजून घेताना लोणारचे दगड तपासले जातात. त्याचे वय पूर्वी सुमारे ५० हजार वर्षे धरले जाई. आर्गॉनच्या समस्थानिकांवरून २०११मध्ये ते साडेपाच लाखांच्या पुढे निघाले. या क्षेत्रात आकडे असे बदलतात. म्हणून कोणताही आकडा वाचताना तो कसा मोजला, हे आधी विचारायची सवय लावून घ्यावी.

गुरूकडे निघालेली ज्यूस आणि युरोपा क्लिपर ही याने २०३०च्या आसपास तिथे पोचतील. तोवर थांबायचे कारण नाही. चांद्रयान मोहिमांची छायाचित्रे आणि मोजमापे इस्रोने सर्वांसाठी खुली केली आहेत. भौतिकी, रसायन, भूशास्त्र किंवा संगणक, जे हाताशी असेल ते घेऊन या आणि त्यांतली एक तरी फाइल स्वतः उघडून पाहा.