ऋषिपंचमी, १९१० : हृदयातल्या दारापाशी

८ सप्टेंबर १९१०. शेगाव स्टेशनावर उतरताच तुम्ही गर्दीत सापडता. गजानन महाराजांनी समाधी घेतली आहे. वार्ता फुटेल तशी माणसं आगगाडीनं, बैलगाडीनं, पायी येताहेत. काळ्या मातीचा चिखल पायाला चिकटतोय. कुंपणावर कळलावी फुलली आहे. तळाशी पिवळ्या, टोकाला लाल, वर वळलेल्या पाकळ्या.

तिथंच पन्नाशीचा एक शेतकरी छाती दाबून खाली बसतो. "बापा, लय कळ मारून रायली." कुणी ओवा पुढं करतं, कुणी वात म्हणतं. ईसीजीचं यंत्र अजून मोजक्या प्रयोगशाळांत आहे. हृदयाची धमनी अचानक बंद होऊनही माणूस वाचू शकतो, हे शिकागोचे जेम्स हेरिक १९१२ मध्ये लिहिणार आहेत. तुम्हाला मात्र थेट आत शिरता येतं.

धमनीत गुठळी अडकली आहे. अर्ध्या तासात पलीकडचा स्नायू मरू लागतो. जवळच्या बारीक नीलेत थांबा. तिचं अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचं. एरवी ते नायट्रिक ऑक्साइड सोडून पांढऱ्या पेशींना चिकटू देत नाही. आता मरत्या स्नायूची हाक तिथवर पोचते. काही मिनिटांत अस्तराच्या पेशी पोटात साठवलेलं पी-सिलेक्टिन हे चिकट प्रथिन बाहेर मांडतात, काही तासांत नवं ई-सिलेक्टिन. सुसाट निघालेला न्यूट्रोफिल, एक पांढरी पेशी, अडखळतो, गडगडतो, अस्तरावरच्या आयकॅम-१ या रेणूला घट्ट चिकटतो आणि चपटा होऊन पलीकडे निसटतो. पांढऱ्या पेशींचं हे निसटणं युलियस कोनहाइम यांनी १८६७ मध्ये बेडकावर पाहिलं होतं. त्यांना अडवणारे अस्तरावरचे रेणू एकेक करून ओळखायला १९८० चं दशक उजाडावं लागलं.

काळ तीन दिवस पुढं सरकवा. न्यूट्रोफिलांनी मेलेला भाग साफ करायला घेतलाय, पण त्या भरात शेजारचा जिवंत स्नायूही पोळलाय. अस्तर आता व्हीकॅम-१ या रेणूच्या आधारानं मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशींना आत घेतं. त्यांचे मॅक्रोफाज होतात. आधी मढी गिळतात, मग वण भरणाऱ्या पेशींना कामाला लावतात. पहिल्या आठवड्यात हृदयाची भिंत सगळ्यांत मऊ असते. आत कुणी आलंच नाही तर वण कच्चा राहून ती फाटू शकते. येणं थांबलंच नाही तर हृदय पसरट होऊन थकतं. आजच्या शेगावात दर्शनरांग सांभाळणारे सेवेकरी जे करतात, तेच काम या अस्तराचं: किती, कधी आणि कुणाला.

आता २०१९. मॉन्ट्रियलहून चालवलेल्या चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले ४,७४५ रुग्ण. निम्म्यांना रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसीन. हे द्रव्य कळलावीच्या जीवघेण्या कंदातही असतं. न्यूट्रोफिलांना ते रोखतंच, शिवाय अस्तरावरची ई-सिलेक्टिनची मांडणीही विस्कटतं. पुढचे गंभीर त्रास औषध न घेतलेल्यांत ७.१ टक्के, घेतलेल्यांत ५.५. पण २०२४ मध्ये ७,००० हून अधिक रुग्णांत तसाच प्रयोग झाला आणि फरक दिसला नाही.

सूज सरसकट दाबून भागत नाही. अस्तराला कोणत्या दिवशी आवरायचं आणि कोणत्या दिवशी मोकळं सोडायचं, हे ठरवावं लागेल. ते जमेपर्यंत, छातीत कळ येताच १०८ फिरवणं आणि पहिल्या काही तासांत धमनी उघडून घेणं, हाच त्या अस्तरावरचा भार हलका करण्याचा भरवशाचा उपाय.