बुरशीच्या पेशी एकमेकींना 'मोजतात' कशा? फार्नेसॉल नावाच्या रेणूची गोष्ट

कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी अनेक निरोगी माणसांच्या तोंडात आणि आतड्यात मुक्कामाला असते. एरवी तिचा काही त्रास नसतो. तान्ह्या बाळाच्या जिभेवर साचणारा पांढरा थर हे तिच्या संसर्गाचं सौम्य रूप. पण अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या रक्तात ती शिरली, तर जिवावर बेतू शकतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या धोकादायक बुरशींच्या यादीत तिला सर्वांत गंभीर गटात ठेवलं आहे.

एकच बुरशी, दोन रूपं

ही बुरशी कधी पावाच्या यीस्टसारख्या सुट्या, गोलसर पेशींच्या रूपात असते, तर कधी लांब तंतूंच्या. गोल पेशी रक्तातून सहज पसरतात. तंतू मात्र शरीराच्या ऊतींमध्ये घुसतात. हे तंतू कॅन्डिडालायसिन नावाचं विष सोडून आपल्या पेशींना इजा करतात, हे २०१६ मध्ये समजलं. त्यामुळे बुरशी कोणतं रूप कधी घेते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

दहा लाखांचं कोडं

प्रयोगशाळेत एक विचित्र गोष्ट दिसत असे. तंतू वाढायला पोषक अशा द्रवात दर मिलिलिटरला साधारण दहा लाखांपेक्षा कमी पेशी सोडल्या, तर तंतू फुटत. त्याहून जास्त सोडल्या, तर पेशी गोलच राहत. अन्न तेच, तापमान तेच. फरक फक्त संख्येचा.

याचं उत्तर २००१ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठातले केनेथ निकर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. पेशी वाढताना फार्नेसॉल नावाचा रेणू सतत बाहेर सोडतात. अनेक फुलांच्या सुगंधी तेलांत आढळणारा आणि अत्तरांत वापरला जाणारा हाच तो रेणू. पेशी थोड्या असतील तर तो आजूबाजूला विरून जातो. गर्दी वाढली की तो साचतो आणि तंतू तयार करण्याचा पेशीतला आदेश रोखतो.

सभेत पुरेसे सदस्य जमल्याशिवाय ठराव होत नाही, त्याला आपण गणपूर्ती म्हणतो. पेशींच्या या पद्धतीलाही शास्त्रज्ञांनी तेच नाव दिलं: 'कोरम सेन्सिंग', म्हणजे गणपूर्तीची जाणीव. जीवाणूंमध्ये ती आधीच माहीत होती. बुरशीत ती असल्याचं फार्नेसॉलमुळे स्पष्ट झालं.

एक थांबवतो, दुसरा ढकलतो

२००४ मध्ये याच बुरशीत टायरोसॉल हा दुसरा संदेशवाहक रेणू सापडला. त्याचं काम उलटं: परिस्थिती अनुकूल असेल तर तो तंतू लवकर फुटायला मदत करतो. म्हणजे बुरशीची वाढ एका बटणावर चालत नाही. अनेक संदेशांचा एकत्रित परिणाम होतो.

मग फार्नेसॉल औषध म्हणून का देत नाहीत?

कॅथेटरसारख्या उपकरणांवर ही बुरशी चिकट थर तयार करते. त्याला बायोफिल्म म्हणतात आणि त्यात औषधं नीट काम करत नाहीत. प्रयोगशाळेत सुरुवातीलाच फार्नेसॉल टाकलं, तर हा थर धरत नाही. पण पेशी काही तास चिकटून बसल्या, की त्याचा प्रभाव कमी पडतो. 

त्याहून मोठी अडचण उंदरांवरच्या प्रयोगात दिसली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संसर्ग झालेल्या उंदरांना फार्नेसॉल दिल्यावर मृत्यू कमी होण्याऐवजी वाढले. हा रेणू फक्त बुरशीवरच नाही, तर शरीराच्या प्रतिकारशक्तीवरही परिणाम करतो, असं त्यातून पुढे आलं.

म्हणून फार्नेसॉल असलेली सुगंधी तेलं बुरशीवर घरगुती उपाय म्हणून वापरणं योग्य नाही. काचेच्या नळीत बुरशीला आवरणारा रेणू शरीरात तसाच वागेल, याची खात्री नसते.