आणीबाणी संपली असें कोणीं म्हणावें?

रोगाची साथ केव्हां सुरू झाली हें सांगणें त्या मानानें सोपें असतें. पहिला रोगी सांपडतो, वर्तमानपत्रांत बातमी येते, सरकार हुकूम काढतें, आणि तो दिवस इतिहासांत नोंदला जातो. परंतु शेवटचा रोगी कोण, हें कोणासच कळत नाहीं. साथ पुराच्या पाण्याप्रमाणें हळूहळू ओसरते. संकटकाळीं सरकारनें हातीं घेतलेले अधिकार मात्र असे आपोआप ओसरत नाहींत. ते कोणी तरी स्पष्ट शब्दांत परत घ्यावे लागतात. हें काम कोणाचें? अमेरिकेच्या विधिमंडळानें सन २०२३ च्या मार्च महिन्यांत या प्रश्नावर जें मतदान केलें, त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावी असा आमचा विचार आहे.

या मतदानाचें मूळ शोधूं लागलें असतां पन्नास वर्षें मागें जावें लागतें. १९७३ सालीं सीनेटच्या एका खास समितीनें चौकशी केली, तेव्हां देशांत एकाच वेळीं चार आणीबाण्या चालू असल्याचें आढळून आलें. बँका बुडूं लागल्या म्हणून रूझवेल्ट यांनीं १९३३ सालीं पुकारलेली पहिली. कोरियाच्या युद्धानिमित्त ट्रुमन यांनीं १९५० सालीं पुकारलेली दुसरी. आणि टपालखात्याच्या संपासाठीं १९७० सालीं व परराष्ट्रीय व्यापाराच्या अडचणीसाठीं १९७१ सालीं निक्सन यांनीं पुकारलेल्या उरलेल्या दोन. बँका सांवरल्या, युद्ध थांबलें, संप मिटला. पण आणीबाणी उठविण्याचें कोणाच्या ध्यानींमनींही आलें नाहीं. तिच्या आधारानें राष्ट्राध्यक्षांस वापरतां येतील अशीं सुमारें ४७० कलमें कायद्यांच्या पुस्तकांत निजून राहिलीं होतीं.

या शोधानें सावध होऊन काँग्रेसनें एक कायदा केला व १४ सप्टेंबर १९७६ रोजीं राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनीं त्यावर सही केली. राष्ट्राध्यक्षांनीं आणीबाणी दरवर्षीं नव्यानें पुढें चालू केली नाहीं तर ती संपावी. दर सहा महिन्यांनीं दोन्ही सभागृहांनीं तिचा विचार करावा. आणि दोन्ही सभागृहांनीं ठराव करतांच ती रद्द व्हावी, अशी त्यांत योजना होती. परंतु राष्ट्राध्यक्षांकडे न पाठविलेल्या ठरावास कायद्याचें बळ नाहीं, असा निवाडा १९८३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एका निराळ्याच खटल्यांत दिला, आणि १९८५ सालीं हा कायदाही त्या बेतानें बदलावा लागला. तेव्हांपासून ज्याचे अधिकार काढून घ्यावयाचे त्याचीच सही त्या ठरावावर लागूं लागली. सही न मिळाल्यास दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मतें जमवावयाचीं. २०१९ सालीं मेक्सिकोच्या सरहद्दीवरील आणीबाणीविरुद्ध दोन्ही सभागृहांनीं ठराव केला; राष्ट्राध्यक्ष ट्रंप यांनीं तो नाकारला, आणि दोनतृतीयांश मतें कांहीं जमलीं नाहींत. दर सहा महिन्यांच्या विचाराची अट तर बहुधा कागदावरच राहिली होती.

अशा स्थितींत कोरोनाची साथ आली. येथें वाचकांनीं एक भेद ध्यानांत ठेवावा. अमेरिकेंत आणीबाण्या दोन होत्या. पहिली सार्वजनिक आरोग्याची. ती आरोग्यखात्याच्या मंत्र्यांनीं ३१ जानेवारी २०२० रोजीं पुकारली व ती नव्वद नव्वद दिवसांनीं वाढविली जात असे. दुसरी राष्ट्रीय, ती १३ मार्च २०२० रोजीं राष्ट्राध्यक्षांनीं १९७६ च्या कायद्यान्वयें पुकारली. या दोहोंच्या जोरावर रुग्णालयांचे अनेक निर्बंध शिथिल झाले. पुढें वादाचा विषय झाली ती दुसरी.

३ मार्च २०२२ रोजीं कॅन्ससचे सीनेटर रॉजर मार्शल यांचा ती रद्द करण्याचा ठराव सीनेटनें ४८ विरुद्ध ४७ मतांनीं मंजूर केला. मार्शल हे स्वतः डॉक्टर, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. त्याच वर्षींच्या १५ नोव्हेंबर रोजीं तसाच ठराव ६२ विरुद्ध ३६ मतांनीं पुन्हां मंजूर झाला. पण दोन्ही वेळां प्रतिनिधिगृहानें त्याकडे पाठ फिरविली. मधल्या काळांत दोन गोष्टी घडल्या होत्या. ऑगस्टमध्यें राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनीं याच आणीबाणीचा आधार घेऊन विद्यार्थ्यांचीं कर्जें काहीं अंशीं माफ करण्याची योजना जाहीर केली. आणि सप्टेंबरमध्यें त्यांनींच एका मुलाखतींत साथ संपली असल्याचें बोलून दाखविलें. साथ संपली असेल तर अधिकार कशाला, हा विरोधकांचा प्रश्न त्यामुळें अधिकच धारदार झाला. ती कर्जमाफी सर्वोच्च न्यायालयानें पुढें ३० जून २०२३ रोजीं रद्द ठरविली.

जानेवारी २०२३ मध्यें प्रतिनिधिगृहांत रिपब्लिकन पक्षाचें बहुमत झालें. दोन्ही आणीबाण्या ११ मे रोजीं आपणच संपवूं, असें सरकारनें ३० जानेवारीस सांगितलें. एकाएकीं शेवट केल्यास रुग्णालयांत गोंधळ माजेल, अशी त्याची तक्रार होती. तरीही १ फेब्रुवारीस प्रतिनिधिगृहानें २२९ विरुद्ध १९७ मतांनीं व २९ मार्चला सीनेटनें ६८ विरुद्ध २३ मतांनीं राष्ट्रीय आणीबाणी रद्द करण्याचा ठराव मंजूर केला. ठरावास आपला विरोध आहे असें सांगणाऱ्या राष्ट्राध्यक्षांनींच १० एप्रिल रोजीं त्यावर सही केली. आरोग्याची आणीबाणी मात्र ठरल्याप्रमाणें ११ मेपर्यंत चालली.

कोणी म्हणेल, अवघा एक महिना आधीं शेवट करून या सभागृहांनीं काय साधलें? आक्षेप खोटा नाहीं. शिवाय मतदानानें रोग हटत नाहीं. तोंवर त्या देशांत अकरा लाखांहून अधिक माणसें या रोगानें दगावलीं होतीं, आणि त्या मार्च महिन्यांतही आठवड्यास हजारावर माणसें मरत होतीं. ज्या घरांत त्या आठवड्यांत मृत्यु झाला, त्या घरीं आणीबाणी संपली हे शब्द कसे वाटले असतील? ठरावाविरुद्ध मत देणाऱ्यांस म्हणूनच केवळ सत्तेचे लोभी म्हणणें आम्हांस अन्यायाचें वाटतें.

तथापि आमच्या महाराष्ट्राचा अनुभव या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवितो. ज्या १३ मार्च २०२० रोजीं वॉशिंग्टनांत राष्ट्रीय आणीबाणी जाहीर झाली, त्याच दिवशीं महाराष्ट्र सरकारनें १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. हा कायदा मुंबईच्या प्लेगाचें अपत्य. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं कलकत्त्यास व्हाइसरॉयच्या कौन्सिलानें तो मंजूर केला. त्या कौन्सिलांत जनतेनें थेट निवडलेला एकही सभासद नव्हता. त्याच वर्षीं पुण्यांत प्लेगच्या बंदोबस्ताच्या नांवाखालीं घराघरांत शिरून जें झालें, आणि २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर त्याचा जो परिणाम झाला, तो मराठी वाचकांस सांगावयास नको. त्या कायद्याचीं कलमें अवघीं चार. सरकारनें करावयाचे नियम ‘तात्पुरते’ असावे, असें तो म्हणतो. पण तात्पुरते म्हणजे किती दिवस, व ते संपले हें कोणीं ठरवावें, याविषयीं त्यांत चकार शब्द नाहीं. २०२० सालीं संसदेनें तो दुरुस्त केला, तेव्हां वैद्य व परिचारिकांवर हात टाकणाऱ्यांस कडक शिक्षा ठरविली, आणि तें योग्यच झालें. परंतु शेवटाची जागा कोरीच राहिली. ३१ मार्च २०२२ रोजीं, गुढीपाडव्याच्या तोंडावर, महाराष्ट्रांतील निर्बंध उठले ते मंत्रिमंडळाच्या निर्णयानें. लोकांस आनंद झाला, आम्हांसही झाला. मात्र कोणत्याही सभागृहांत त्यासाठीं हात वर झाला नाहीं, कारण कायद्यानें तो मागितलाच नव्हता.

अमेरिकेचें तें मतदान उशिराचें होतें, पक्षीय ईर्ष्येनें भरलेलें होतें, आणि त्याचें फळही थोडें होतें. तरीपण कोणत्या सभासदानें कोणतें मत दिलें, तें त्यांच्या दप्तरीं नांवानिशीं नोंदलेलें आहे, आणि मतदारांस त्याचा जाब विचारतां येतो. आमच्याकडे असा जाब विचारावयाचा झाला तर तो कोणास विचारावा, हें त्या चार कलमांत शोधूनही सांपडत नाहीं. पुढची साथ येण्यापूर्वीं, घरांत रोगी नसतांना आणि मन शांत असतांना, आमच्या प्रतिनिधींनीं त्या कायद्यास पांचवें एक कलम जोडावें. आणि त्यांत दुसरें कांहीं नसलें तरी चालेल, पण अधिकार किती दिवसांनीं व कोणाच्या मतानें परत करावयाचे, एवढें तरी लिहून ठेवावें.