हजीऱ्याच्या रस्त्यावर नाताळची मिरवणूक



नाताळ जवळ आला की आपल्या मंडळ्यांमध्ये एक विषय दरवर्षी निघतो. गोठा सजला, गायनवृंदाच्या तालमी झाल्या, करंज्या-शंकरपाळ्यांचे डबे भरले. आता रस्त्यावर मिरवणूक काढायची की नाही? कोणी म्हणते, देवळात उपासना झाली की पुरे, रस्त्यावर दिखावा कशाला? कोणी हळूच म्हणते, दिवस बरे नाहीत, उगाच कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये. आम्ही ग्वाल्हेरातली मराठी ख्रिस्ती माणसे. हजीऱ्याच्या गल्ल्यांतून शेजाऱ्यांबरोबर नाताळची गीते गात चालताना आम्हालाही हे दोन्ही प्रश्न सतावतात. म्हणून यंदा आगमनकाळात आम्ही थोडे मागे वळून पाहायचे ठरवले. आपल्या आधी कोण कोण चालले, कशासाठी चालले?

सगळ्यांत आधी चालले ते मेंढपाळ. संत लूकने दुसऱ्या अध्यायात त्यांची हकिगत सांगितली आहे. ती सावकाश वाचली तर एक गोष्ट ध्यानात येते. देवदूताने त्यांना आनंदाची वार्ता दिली, बाळाची खूणही सांगितली. पण ‘उठा आणि जा’ अशी आज्ञा मात्र केली नाही. दूत निघून गेल्यावर ते एकमेकांशी बोलले आणि जायचे त्यांनी आपसांत ठरवले. रात्रभर राखणीला एकत्र बसणारी ती माणसे, म्हणजे एकमेकांचे सोबती, शेजारीच. त्यांच्यापैकी एकाचेही नाव शुभवर्तमानात नाही. परतताना ती देवाची स्तुती करीत गेली, एवढेच लिहिले आहे. नाताळची पहिली मिरवणूक ती हीच.

त्यानंतर बाराशे वर्षांनी, १२२३ साली, इटलीतल्या ग्रेच्चो नावाच्या डोंगरी गावात असिसीकर संत फ्रान्सिस यांनी नाताळच्या रात्री खरी गव्हाण मांडली. तिथे गवत होते, बैल होता, गाढव होते. त्यांचे पहिले चरित्र लिहिणाऱ्याने नोंदवले आहे की आसपासच्या वस्त्यांतले स्त्री-पुरुष मेणबत्त्या आणि मशाली घेऊन गात गात तिथे आले. आज आपण घरोघरी जो गोठा करतो त्याची आठवण या रात्रीशी जोडलेली आहे. पण गोठ्याबरोबर आणखी एक गोष्ट तिथे घडली, ती आपण विसरतो. लोक घरातून बाहेर पडले होते.

मेक्सिकोत १६ डिसेंबरपासून नऊ रात्री लोक मरिया आणि योसेफ यांच्या मूर्ती घेऊन दारोदार फिरतात आणि गाण्यातून रात्रीपुरता आसरा मागतात. काही दारांवर आतली माणसे गाण्यातूनच नकार देतात. शेवटच्या घरी दार उघडते, सगळे आत जातात, प्रार्थना होते, खाऊ वाटला जातो. आम्हाला ही रीत फार बोलकी वाटते. इथे मिरवणूक निघते ती मागण्यासाठी. चालणारा दारासमोर याचक म्हणून उभा असतो, विजेता म्हणून नव्हे.

आता आपल्या वाटेकडे येऊ. १५७९ हे साल मराठी ख्रिस्ती माणसाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी ऑक्टोबरात फादर थॉमस स्टीफन्स गोव्याच्या किनाऱ्यावर उतरले. पुढे त्यांनी आपली भाषा आत्मसात केली आणि ओवीछंदात ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. स्टीफन्स उतरले त्यानंतर महिनाभरही झाला नव्हता, तोच त्याच गोव्यातून तीन येशूसंघीय फादर अकबर बादशहाच्या निमंत्रणावरून उत्तरेकडे निघाले. रुडॉल्फ अक्वाविवा, अंतोनिओ मोन्सेरात आणि फ्रान्सिस हेन्रिक्स अशी त्यांची नावे. सुरत, मांडू, उज्जैन, सिरोंज, नरवर, ग्वाल्हेर असे मुक्काम करीत ते १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. म्हणजे आम्ही आज जिथे राहतो त्या वाटेवरून साडेचारशे वर्षांपूर्वी ख्रिस्ताचे नाव घेणारी माणसे चालून गेली. एक फादर भाषेत शिरले, तिघे रस्त्याला लागले. मराठीत प्रभूचे नाव घेत ग्वाल्हेरच्या रस्त्यावर चालणारे आम्ही या दोन्ही वारशांचे धनी आहोत.

पुढे १५९५ मध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नात्यातले फादर जेरोम झेवियर मोगल दरबारी आले. त्यांच्या काळात आग्रा आणि लाहोर इथे नाताळला गोठा मांडला जाई. तो पाहायला हिंदू आणि मुसलमान यांची रीघ लागे, असे त्या फादरांच्या पत्रांत आहे. त्या शहरांत ख्रिस्ती मूठभर होते. तरीही नाताळ मूठभरांचा राहिला नाही, कारण दार उघडे होते.

ग्वाल्हेरच्या मराठी राज्यातही ख्रिस्ती माणूस परका नव्हता. महादजी शिंद्यांच्या चाकरीत नेपल्सहून आलेला मायकेल फिलोज होता. त्याचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या शिंद्यांच्या पदरी राहिले. १८७४ साली जयाजीरावांसाठी जयविलास राजवाडा उभारला तो याच घराण्यातल्या आणि याच नावाच्या वंशजाने. शहर दाखवायला पाहुण्यांना आपण राजवाड्यात नेतो, तेव्हा हेही सांगावे.

आणि आमचा हजीरा! या नावाचा अर्थच मुळी थडग्याभोवतीचे आवार. इथे सूफी संत मुहंमद घौस यांची कबर आहे. दगडात कोरलेल्या तिच्या जाळ्यांतून उन्हाची नक्षी आत उतरते. शेजारीच तानसेनाची साधीशी समाधी आहे आणि तिच्यालगत ते चिंचेचे झाड, ज्याचा पाला खाल्ल्याने आवाज गोड होतो असे म्हणतात. आमच्या गायनवृंदातल्या पोरांनीही तो चघळून पाहिला आहे! १९२४ साली इथे उर्सानिमित्त गाणे सुरू झाले; २०२४ मध्ये तानसेन समारोहाचे शंभरावे पर्व झाले. हा समारोह येतो तोही डिसेंबरातच, आणि त्याची सुरुवात कशी होते पाहा. आधी सनई, मग ढोलीबुवा मठाच्या महाराजांची हरिकथा, मग मिलाद. एकाच सकाळी, एकाच आवारात, सगळे ऐकतात. या शहराला दुसऱ्याच्या सणात उभे राहायची सवय जुनी आहे. महादजींचे गुरू बीडचे सूफी मन्सूर शाह. शिंद्यांचा ताजिया मोहरमात निघत आला. जवळच्या बिर्लानगरात १९२१ साली निघालेल्या जियाजीराव कॉटन मिलने गावोगावचे कामगार इथे आणले. मिल बंद होऊन बरीच वर्षे झाली, पण एकाच भोंग्यावर उठलेल्या घराघरांतला घरोबा अजून टिकून आहे.

तरीही भीतीचे काय? ती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. १४ डिसेंबर २०१७ रोजी आपल्याच मध्य प्रदेशात, सतना इथे, एका गावात नाताळची गीते गाणाऱ्या सेमिनरीच्या विद्यार्थ्यांना आणि फादरांना धर्मांतराच्या आरोपावरून पोलीस ठाण्यात नेले गेले. त्यांची चौकशी करायला आलेल्या फादरांची मोटार ठाण्याबाहेर जाळली गेली. ही बातमी आमच्या घरांतल्या आई-आज्या विसरलेल्या नाहीत. मुलांना मिरवणुकीला पाठवताना त्यांचा हात जरा जास्त वेळ खांद्यावर राहतो. या काळजीला अविश्वास म्हणू नये. हेरोदाच्या भीतीने बाळाला उचलून रातोरात मिसर देशाला निघालेला योसेफही काळजीच करीत होता.

मग करायचे काय? इतिहासाने आम्हाला शिकवलेल्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली : मेंढपाळांसारखे ठरवून, मिळून निघावे. पोलीस ठाण्यात आधी अर्ज द्यावा, रस्ता ठरवावा, दोरी धरायला स्वयंसेवक नेमावेत. रुग्णवाहिकेला वाट द्यावी. दर्ग्याशी नमाजाची आणि मंदिराशी आरतीची वेळ असेल तर ढोलक थांबवावा. रात्री दहाच्या आत ध्वनिक्षेपक बंद करावा. ही शिस्त म्हणजे शेजारप्रीतीच आहे.

दुसरी : मेक्सिकोच्या त्या याचकांसारखे निघावे. आपण किती जण आहोत हे दाखवायला निघू नये. दारापुढे गाऊन झाले की घरातल्यांची विचारपूस करावी. कोणी आजारी असेल तर तिथे गाणे हळू करावे. या गल्ल्यांत थंडीच्या धुक्यात दार उघडून कोणी मूठभर गजक हातावर ठेवते. ते घ्यावे. प्रत्येक वेळी आपणच देणारे असतो असे नाही. घेतानाही नाताळ साजरा होतो.

तिसरी : सोबत कोण आहे ते पाहावे. आमच्या बरोबर चालणाऱ्यांत ढोलक धरणारा शेजारी ख्रिस्ती नाही, लहानग्यांना रस्ता ओलांडून देणाऱ्या काकू ख्रिस्ती नाहीत. त्यांना कोणी बोलावणे पाठवले नव्हते. त्यांची मुले आमच्या मुलांची मित्र, म्हणून ती आली. आम्ही त्यांना काही पटवायला जात नाही आणि ती आम्हाला काही विचारत नाहीत. आम्ही त्यांच्या गणपतीच्या दिवसांत मांडवाच्या दिव्यांची वायर धरून उभे राहतो, ती आमच्या नाताळात तारा धरून चालतात. जी मिरवणूक फक्त ‘आमची’ असते तिला रखवाली लागते. ‘आपली’ झालेल्या मिरवणुकीची राखण गल्लीच करते. सतन्याच्या बातमीवर आमच्यापाशी असलेले उत्तर एवढेच आहे. ते लहान आहे, पण खरे आहे.

देवळातली उपासना पुरे नाही का, असे विचारणाऱ्यांनाही मानाने सांगावेसे वाटते : उपासना पुरे आहे. पण प्रभू जन्मला तो देवळात नव्हे, गावात जागा न मिळाल्यामुळे गोठ्यात. आणि त्याची वार्ता आधी कळली ती रानात राखण करणाऱ्यांना. वेदीपुढे गुडघे टेकून मिळालेला आनंद आपण दारात ठेवून घरी गेलो, तर तो शेजाऱ्यापर्यंत कसा पोहोचेल?

तेव्हा यंदा जिथे शक्य आहे तिथे, दहा जण असाल तर दहा जण, निघा. बँड नसला तरी चालेल. टाळ घ्या, मेणबत्ती घ्या, शेजाऱ्याला हाक मारा.

हे प्रभो, तू आमच्या वस्तीत राहायला आलास. आमच्या पायांना नम्रता दे, आवाजाला गोडवा दे, घाबरलेल्या आयांना धीर दे. ज्या दारांपुढे आम्ही गाऊ त्या प्रत्येक घरात तुझी शांती नांदो. आणि जे दार उघडणार नाही, त्या घरावरही. आमेन.