आसनाखालची ठिणगी आणि न्यायालयाचा आदेश

नवी मुंबईच्या रस्त्यांवर आता जुनी मारुती व्हॅन क्वचितच दिसते. १९८४ साली आलेल्या या गाडीचे ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे इंजिन पुढच्या आसनांखाली दडलेले असे. टायमिंग लावायचे तर मिस्त्री आधी आसन उचलत.

टायमिंग म्हणजे ठिणगीचा मुहूर्त. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण एका क्षणात जळत नाही, ज्योत पसरायला वेळ लागतो. म्हणून पिस्टन माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच, क्रँकशाफ्ट काही अंश मागे असताना, ठिणगी पडावी लागते. फार लवकर पडली तर इंजिन ठोके देते. उशिरा पडली तर ओढ जाते आणि इंजिन तापते.

आधी पॉइंटमधले अंतर नीट करायचे, कारण ते बदलले की टायमिंगही सरकते. मग डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून तो किंचित फिरवायचा आणि टायमिंग लाइटच्या प्रकाशात खूण जुळवायची. (लाइट नसेल तर कान! अनेकांचा त्यावरच जास्त विश्वास असे.) ही बॅटरी-कॉइल-पॉइंटची रचना अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी कॅडिलॅकसाठी १९१० च्या सुमारास सिद्ध केली होती. पाऊण शतकानंतरही आपल्या व्हॅनमध्ये मूळ तत्त्व तेच होते.

मग या काही अंशांच्या व्यवहारात शहराची हवा शिरली. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने वाहनांच्या धुराच्या प्रश्नावर परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढे न्यायालयाच्या आदेशांमुळे जुन्या टॅक्सी, म्हणजे मुख्यतः प्रीमियर पद्मिनी, सीएनजीकडे वळल्या. त्यांच्यातही डिस्ट्रिब्युटरच होता. खासगी व्हॅननाही गॅसची किट बसू लागली.

अडचण अशी की सीएनजी पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, त्याला ठिणगी अधिक आधी हवी. पण गाडी दोन्ही इंधनांवर चालणार! गॅससाठी टायमिंग पुढे घेतले तर पेट्रोलवर ठोके, पेट्रोलला जुळवले तर गॅसवर चढणीला दम लागतो. काही किटमध्ये गॅस चालू होताच ठिणगी आपोआप आधी पाडणारी इलेक्ट्रॉनिक पेटी येई. जिथे ती नव्हती, तिथे मिस्त्रींनी मधला कोन शोधला. कायद्याने इंधन ठरवले, पण ते पेलणारा कोन मात्र गॅरेजातच, पान्याने ठरला.