गळ टाकायचा, पण पाणी कोणाचे? रीलफूट तलावाची कहाणी

१/ अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या वायव्य कोपऱ्यात रीलफूट नावाचा तलाव आहे. वसंत ऋतूत तेथे होडीत बसलेली माणसे सायप्रस वृक्षांच्या बुंध्यालगत एक चिमुकले तरंगते बूच सोडतात आणि त्याच्याकडे टक लावून बसतात. या निवांत दृश्यामागे एक भूकंप, काही खून आणि मालकीचा एक जुना तंटा आहे.

२/ प्रथम मासा. क्रॅपी हा उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याचा मासा. पांढरा आणि काळा अशा त्याच्या दोन जाती. पांढऱ्या जातीचे शास्त्रीय वर्णन कॉन्स्टंटाइन राफिनेस्क याने १८१८ मध्ये केले. बुडालेल्या झाडाझुडपांच्या आडोशाला क्रॅपी थव्याने राहतो. त्याच्या तोंडाची कातडी इतकी नाजूक, की हिसका देताच गळ ती फाडून निसटतो.

३/ म्हणून त्याच्यासाठी हलकी जोडणी लागते. ‘जिग’ म्हणजे शिशाचे इवलेसे डोके ओतलेला आणि पिसे किंवा मऊ रबर लावलेला गळ. वजन जेमतेम एक-दोन ग्रॅम. तो दोरीला आडवा लोंबला, तरच पोहणाऱ्या माशाच्या पिल्लासारखा दिसतो. क्रॅपी भक्ष्य टिपण्यासाठी वर झेपावतो. म्हणून जिग थव्याच्या किंचित वर ठेवतात.

४/ ही खोली राखणे हे बुचाचे काम. उथळ पाण्यात ते दोरीवर पक्के बसवतात. पाणी खोल असेल तर ते दोरीवर सरकते ठेवतात आणि हव्या त्या खोलीच्या मापाने वर एक बारीक गाठ मारतात. गाठ काठीच्या कड्यांतून आत जाते, पण बुचापाशी अडते. मासा जिग घेऊन वर आला, तर भार हलका होऊन बूच आडवे पडते. बूच बुडण्याचीच वाट पाहणाऱ्याच्या हातून असा मासा निसटतो.

५/ ही युक्ती जुनी आहे. १४९६ मध्ये इंग्लंडमधील वेस्टमिन्स्टर येथे विंकिन द वर्ड याने छापलेल्या गळाच्या मासेमारीवरील प्रबंधात, तापलेल्या सळईने बुचाला भोक पाडून त्यात पिसाची दांडी बसवण्याची कृती दिली आहे. पुढे घोड्याच्या केसांच्या दोरीची जागा नायलॉनने घेतली. तत्त्व मात्र तेच राहिले.

६/ आता तलाव. डिसेंबर १८११ ते फेब्रुवारी १८१२ या काळात न्यू मॅड्रिड परिसरात प्रचंड भूकंप झाले. मिसिसिपी नदीकाठची जमीन खचली, तीत पाणी भरले आणि उभे जंगल बुडाले. आज मासे ज्यांच्या आडोशाला राहतात ते खुंट त्याच जंगलाचे.

७/ तंटा येथूनच उद्भवला. भूकंपापूर्वी ही जमीन सनदांनी लोकांना दिली गेली होती. जमीन पाण्याखाली गेली, सनदा मात्र कागदावर राहिल्या. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वेस्ट टेनेसी लँड कंपनीने असे हक्क एकत्र करून तलावावर मालकी सांगितली. पिढ्यान्‌पिढ्या मोकळेपणाने मासे धरणाऱ्यांच्या पोटावर पाय येणार होता.

८/ १९०८ मध्ये ‘नाइट रायडर्स’ म्हणवणाऱ्या मुखवटाधारी टोळ्या उठल्या. १९ ऑक्टोबरच्या रात्री त्यांनी वॉलनट लॉग येथील मुक्कामातून कंपनीशी संबंधित दोन वकिलांना उचलले. क्वेंटिन रँकिन यांचा खून झाला. आर. झेड. टेलर यांनी पाण्यात उडी घेतली आणि गोळीबारातून ते वाचले.

९/ या बंडाला केवळ गरिबांचा लढा म्हणून गौरवता येत नाही. त्याच महिन्यात केंटकीतील हिकमनजवळ नाइट रायडर्सनी डेव्हिड वॉकर या कृष्णवर्णीय शेतकऱ्याच्या घराला आग लावली आणि त्याच्यासह कुटुंबीयांवर गोळ्या झाडल्या. त्याचा तलावाच्या हक्काशी काहीही संबंध नव्हता. अन्यायाविरुद्ध उठलेले हात दुसऱ्या अन्यायासाठीही तितक्याच सहज उठले.

१०/ गव्हर्नर माल्कम पॅटरसन यांनी सैन्य धाडले. खटल्यात सहा जणांना फाशीची शिक्षा झाली. वरिष्ठ न्यायालयाने ती रद्द केली आणि अखेर कोणालाही फाशी झाली नाही. मात्र तलावाचा प्रश्न आता राज्याला टाळता येईना. १९१४ पर्यंत राज्याने तलाव ताब्यात घेऊन तो सार्वजनिक केला.

११/ आज मासेमारीचा परवाना घेऊन कोणीही त्या खुंटांजवळ जिग सोडू शकतो. बुचाखाली किती दोरी सोडायची, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे असतो. त्या पाण्यावर होडी घालण्याचा हक्क मिळाला कसा, हा प्रश्न त्याला पडत नाही. तो विचारणे हे इतिहासाचे काम.