अंगणातला सिनेमा आणि वायरमन

परवा जावईबापू पुण्याहून आले ते एक प्रोजेक्टर घेऊनच. डबा केवढा, तर आपल्या मिसळणाच्या डब्याएवढा! मे महिन्याची सुट्टी, घरात नातवंडांची फौज. त्यांनी लगेच आंबा आणि शेवगा यांच्यामध्ये दोरी बांधून माझी पांढरी चादर लटकवली. "खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड बाहेर काढू, झालं," असं जावईबापू म्हणाले.

मी म्हटलं, "नाही. आधी वायरमन येईल, मग सिनेमा."

"अहो आई, दिवाळीच्या माळेला बोलावतो का आपण वायरमन?" त्यांचंही बरोबर होतं. पण मी हटून बसले. मुलांचे चेहरे पडले. माझ्या हट्टाचं कारण शेवटी सांगते. आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे आधी थोडं मागे गेल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही!

सिनेमाचा इतिहास म्हटला की आपण तारखा पाठ म्हणतो. २८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंचा पहिला जाहीर खेळ. ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये त्याच चित्रांचा खेळ, तिकीट एक रुपया. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र'. चित्रं कोणी काढली, कामं कोणी केली हे सगळं आपल्याला ठाऊक असतं. पडद्यावर जो उजेड पडतो तो कुठून येतो आणि तो सांभाळतो कोण, हे मात्र कोणी विचारत नाही.

त्या उजेडाची एक तारीख आहे, ४ मे १८९७. पॅरिसमध्ये एका धर्मादाय बाजारात लाकूड आणि कापड यांचा मोठा मांडव घातला होता आणि त्यात सिनेमाचा खेळ ठेवला होता. यंत्रातला दिवा विजेचा नव्हता, ईथरचा होता. ईथर संपलं म्हणून ते पुन्हा भरत असताना कोणीतरी काडी ओढली. काही मिनिटांत मांडव पेटला आणि सव्वाशेच्या आसपास माणसं गेली. त्यात बायका फार. ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीची सख्खी बहीणही त्यांत होती. सिनेमा जन्मून अजून दीड वर्षही झालं नव्हतं.

त्यात तेव्हाची फिल्म नायट्रेटची, म्हणजे पेटली की विझायचं नाव नाही. न पेटणारी फिल्म सगळीकडे रुळायला १९५० नंतरचा काळ उजाडला. आपल्याकडे १९१८ साली सिनेमाचा कायदा आला. लोक त्याला सेन्सॉरचा कायदा म्हणून ओळखतात. पण प्रेक्षकांच्या सुरक्षिततेची व्यवस्था असल्याशिवाय खेळाच्या जागेला परवाना देऊ नये, हेही त्याच कायद्यात होतं. ते कलम कुणाच्या लक्षात राहिलं नाही, कारण त्यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

आणि आपला सिनेमा तर तंबूतच वाढला. अब्दुल अली युसुफअली हे गृहस्थ १९०१ पासून तंबू घेऊन ब्रह्मदेश, सिंगापूर, सुमात्रा असे फिरले आणि पुढे हिंदुस्थानात गावोगाव खेळ करत राहिले. त्यांच्या तंबूत हजारभर माणूस मावायचं म्हणतात. मग १९१४ साली ते मुंबईत थिएटरच्या धंद्यात स्थिर झाले.

माझ्या पिढीने पाहिला तो जत्रेतला तंबू. ट्रकमध्ये बसवलेलं यंत्र, मागे धडधडणारं जनरेटर, मध्ये दोरी लावून बायका एकीकडे आणि पुरुष एकीकडे. आम्ही पोरं यंत्राच्या खाली घुटमळायचो, ते कार्बनच्या कांड्यांसाठी. त्या यंत्रात बल्ब नसायचा. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर आणून त्यांच्या फटीतून तीस-चाळीस अँपिअरचा प्रवाह सोडायचा, की डोळे दिपवणारा उजेड पडे. कांड्या जळत जात, तशी फट वाढे. म्हणून ऑपरेटरला सतत नजर ठेवून त्या पुढे सरकवाव्या लागत. त्याचा जरा डोळा लागला की पडद्यावरची हिरॉईन काळवंडायची आणि तंबूत शिट्ट्यांचा पाऊस! उरलेले तुकडे तो खाली टाकायचा. त्यांच्यावर तांब्याचा मुलामा असे, आम्हाला ते सोन्यासारखे वाटत. पुढे झेनॉनचे दिवे आले आणि कांड्या गेल्या. या फिरत्या टॉकीजवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाचा माहितीपट २०१६ साली कानच्या महोत्सवात दाखवला गेला. मला त्यातलं विशेष हे वाटलं, की तो नटनट्यांबद्दल नाही, यंत्र चालवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या माणसांबद्दल आहे.

घरच्या अंगणात सिनेमा लावणाऱ्यांत एक नाव मोठं आहे, अमेरिकेतल्या न्यू जर्सीचे रिचर्ड हॉलिंग्जहेड. या माणसाने घरासमोर झाडांना चादर बांधली, प्रोजेक्टर मोटारीच्या बॉनेटवर ठेवला आणि पडद्यामागे रेडिओ ठेवून आवाज कसा येतो ते पाहिलं. पाऊस आला तर काचेतून कसं दिसेल हे बघायला बागेत पाणी घालायचा फवारा मोटारीवर सोडला! मागच्या मोटारीला पुढची आड येऊ नये म्हणून चाकांखाली ठोकळे घालून पाहिले. मग पेटंट घेतलं आणि ६ जून १९३३ ला कॅम्डेनजवळ चारशे मोटारींचं पहिलं ड्राइव्ह-इन उघडलं. तिकडूनच ती कल्पना १९७७ साली आपल्या वांद्र्यापर्यंत पोचली. मला या गृहस्थांचं कौतुक वाटतं ते फवाऱ्यासाठी. काय बिघडू शकेल ते लोक बोलावण्याआधी करून पाहिलं.

मी ते केलं नव्हतं.

१९७८ सालची गोष्ट. माण तालुक्यातल्या एका शाळेत मी नवी शिक्षिका होते. मुलांना 'श्यामची आई' दाखवायचा ध्यास घेतला. तालुक्याच्या गावाहून सोळा मिलिमीटरचं यंत्र भाड्याने आणलं. हेडमास्तर म्हणाले, वायरमनला बोलावू, तो पंधरा रुपये घेईल. वर्गणी जेमतेम जमली होती. मीच म्हटलं, "सर, कशाला? शिपाई जोडेल की वायर." ऑफिसातून मैदानात वायर ओढली, मध्ये एक जॉइंट मारला. यंत्र लोखंडी टेबलावर ठेवलं. धूळ उडू नये म्हणून मैदानात भरपूर पाणी मारलं होतं. तेही मीच सांगितलं होतं.

सहावीतला एक मुलगा, अनवाणी, यंत्र बघायला वाकला आणि त्याने टेबलाला हात लावला.

शिपायाने धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला म्हणून मुलगा वाचला. तळहात भाजला, दोन दिवस तो बोलला नाही. त्याची आई दुसऱ्या दिवशी शाळेत आली. मला वाटलं, आता ही शिव्या देणार, आणि द्याव्यातच. ती एवढंच म्हणाली, "बाई, त्यो सिनिमा त्यानं बगितलाच न्हाई. पुन्यांदा लावाल तवा सांगा." मी पुन्हा कधी लावला नाही. तो मुलगा आता साठीला आला असेल. त्या पंधरा रुपयांचा हिशोब माझ्याकडे अजून तसाच आहे. घरातही मी हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

तर आमचे वायरमन आले. त्यांनी टेस्टर लावून पाहिला आणि पहिलंच वाक्य बोलले, "बाई, तुमच्या घराला अर्थिंगच नाही." चाळीस वर्षं आम्ही असेच राहिलो! मग परसात खड्डा खणून कोळसा आणि मीठ घालून अर्थिंग केलं, अंगणासाठी वेगळी लाइन काढली आणि बोर्डावर एक आरसीसीबी बसवली. ती काय करते ते मी विचारलं. (शिक्षिका निवृत्त होते, तिचे प्रश्न होत नाहीत.) ते म्हणाले, "ही हिशोब ठेवते. जेवढा करंट गेला तेवढा परत आला पाहिजे. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, की माणसातून जातोय असं समजून लाइन तोडते." नंतर वाचलं, की अशा जातीचं एक उपकरण १९६१ साली बर्कलेच्या चार्ल्स डॅलझिएल यांनी केलं. माणसाचं शरीर किती वीज सहन करतं, याचाच त्यांनी अभ्यास केला होता. म्हणजे आमच्या मैदानावर सिनेमा लागला तेव्हा ही युक्ती जगात सतरा वर्षांची होती. पण आमच्यासाठी तेव्हा पंधरा रुपयांचा वायरमनच पुरे होता. त्याने जॉइंट पाहिला असता, टेबल पाहिलं असतं, ओली जमीन पाहिली असती.

बिल बघून जावईबापू काही बोलले नाहीत. मी हे सगळं त्यांना सांगितलं होतं. त्या रात्री नातवंडांनी त्यांचं कार्टून लावलं. मला त्यातलं काही कळलं नाही, मी सारखी त्यांच्या अनवाणी पायांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी मोठ्या नातवाला म्हटलं, आज 'श्यामची आई' लाव. पाहिला त्याने. अर्ध्यात झोपला, पण पाहिला.

वायरमन जाताना सांगून गेलेत, उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा, माती सुकली तर उपयोग नाही. आता सकाळी तुळशीला पाणी घातलं की एक तांब्या तिकडेही ओतते.